बर्फातली सूचनापेटी

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सुटीसाठी आमच्याकडे आलेला नातू आतल्या खोलीत संगणकापुढे बसला होता आणि मी बाहेर आरामखुर्चीत पेंगत होतो. एकाएकी आतून आवाज आला, "मेलो!"

दुधावर झाकण ठेवता ठेवता सौ. तशीच धावली. तिच्यामागे मी. बघतो तर बाळराजे धडधाकट. चेहरा मात्र दहावीत नापास झाल्यासारखा.

"काय रे, काय झालं?"

"आजोबा, चौऱ्याण्णव दिवस जगलो होतो. चौऱ्याण्णव! उतारावर पाय मुरगळला, बांधायला पट्टी नव्हती. वर वादळ आलं. शेवटच्या काडीनं जाळ पेटवला, तो वाऱ्यानं विझला. संपलं."

"शुभ बोल रे मेल्या," असे म्हणून सौ. दुधाकडे परतली. मी तिथेच टेकलो. सेवानिवृत्त माणसाला रात्री साडेअकरा वाजताही वेळ असतो.

"मग पुन्हा सुरू कर की."

"पुन्हा म्हणजे पहिल्या दिवसापासून. मेलं की सगळी नोंद पुसली जाते. पण मी आता गप्प बसणार नाही. त्यांना लिहिणार आहे."

"कुणाला?"

"खेळ करणाऱ्यांना. त्यांनी यात काय सुधारायला पाहिजे, त्याच्या सूचना."

सूचना! हा शब्द कानावर पडला आणि माझी झोप उडाली. बँकेत मी छत्तीस वर्षे काढली. त्यातली निम्मी तरी लोकांच्या सूचना ऐकण्यात आणि उरलेली त्या कशा अमलात आणता येणार नाहीत, हे लेखी कळवण्यात गेली. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

आधी खेळाविषयी सांगतो, कारण माझ्या वयाच्या वाचकांना संगणकावरचा खेळ म्हटले की धडाधड गोळ्या आणि रक्ताचे सडेच आठवतात. मलाही तेच वाटत होते. या खेळाचे नाव 'द लाँग डार्क'. कॅनडाच्या पश्चिम टोकाला व्हँकूवर नावाचे बेट आहे. तिथल्या हिंटरलँड या छोट्या कंपनीने तो केला. राफाएल व्हॅन लीरोप हे तिचे संस्थापक. २०१३ साली त्यांनी लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा केली, २०१४ च्या सप्टेंबरात अर्धाकच्चा खेळ विक्रीला ठेवला आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी तो रीतसर प्रकाशित केला. त्यानंतरही कित्येक वर्षे त्यात भर पडत राहिली.

कल्पना साधी आहे. उत्तर कॅनडातले ग्रेट बेअर नावाचे एक काल्पनिक बेट. पृथ्वीच्या चुंबकत्वात काहीतरी मोठी उलथापालथ होऊन वीज गेलेली, यंत्रे बंद पडलेली, माणसे नाहीशी झालेली. कधीतरी रात्री आकाशात हिरवा ध्रुवप्रकाश पसरतो आणि तेवढ्यापुरते दिवे लुकलुकतात. बाकी बर्फ, वारा, लांडगे, अस्वल आणि आपण एकटे. भुते नाहीत, राक्षस नाहीत. जिंकणे असेही काही नाही. जितके दिवस जगाल तितके तुमचे.

नातवाने मला तासभर शेजारी बसवून दाखवले, तेव्हा मी चकितच झालो. अहो, ही तर चक्क रोजकीर्द! पडद्यावर चार खाती: थंडी, थकवा, तहान आणि भूक. जगणे म्हणजे या चार खात्यांचा रोज मेळ घालणे. पाठीवर साधारण तीस किलो ओझे पेलते, त्यापुढे चाल मंदावते. प्रत्येक खाद्याचे उष्मांक लिहिलेले आणि प्रत्येक कामाला उष्मांकांचा खर्च. लाकूड फोडायचे तर खर्च, चढ चढायचा तर खर्च, नुसते झोपायचे तरीही खर्च. पाणी हवे तर बर्फ वितळवा. ते उकळल्याशिवाय प्यालात तर पोट बिघडणार. उकळायला जाळ पाहिजे, जाळाला काडी पाहिजे आणि काड्या मोजक्या. कपड्यांवर कपडे चढवायचे, ते भिजले की वाळवायचे, फाटले की शिवायचे. सशाचे कातडे मिळाले तरी लगेच उपयोग नाही, घरात ठेवून दिवसचे दिवस सुकवावे लागते. जखमेवर झाडाच्या खोडावरचे दगडफुलासारखे शेवाळ, अंगदुखीला रानगुलाबाच्या फळांचा काढा. नकाशासुद्धा कोरा. विझलेल्या जाळातला कोळसा घेऊन आपणच तो काढायचा. आकाशात कावळे घिरट्या घालताना दिसले, की खाली काहीतरी मेलेले आहे असे समजायचे. हे मात्र कोकणात वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

तर आता सूचना. गेली दहा-बारा वर्षे जगभरचे खेळाडू या कंपनीला सूचना पाठवत आले आहेत. त्यांतल्या बऱ्याच नातवाला तोंडपाठ. मी वही घेतली आणि सवयीप्रमाणे त्यांची वर्गवारी केली.

पहिला गठ्ठा सोयींचा. ओझे ओढायला घसरगाडी द्या, भांडी जास्त द्या, बंदुका वाढवा. हे आपल्या ओळखीचे. शाखेत पंखा हवा, पेनाला दोरी लांब हवी, त्याच जातीचे.

दुसरा गठ्ठा जाणकारांचा. "आम्ही बर्फाळ मुलखातच राहतो, आमच्याकडे असे नसते," असे सांगणाऱ्यांचा. त्यांचा मोठा आक्षेप लांडग्यांवर. खरा लांडगा माणसाचा वास आला की सहसा वाट बदलतो, या खेळातला सरळ अंगावर येतो. कर्त्यांनी त्याला उत्तर कथेतूनच दिले आहे: त्या चुंबकीय उत्पातामुळे जनावरे बिथरली आहेत. बँकेत आम्ही अशा उत्तराला 'वरून आलेले परिपत्रक' म्हणत असू.

तिसरा गठ्ठा न्यायाचा. पाय मुरगळण्याची तक्रार यात येते. उतारावरून चालताना अचानक पाय मुरगळे आणि खेळाडू संतापत. "माझी चूक काय, ते तरी सांगा," असे त्यांचे म्हणणे. कर्त्यांनी काय करावे? पाय मुरगळणे काढून टाकले नाही. उतार धोक्याचा असला की पडद्यावर एक खूण दिसू लागेल, अशी व्यवस्था केली. संकट तसेच ठेवले, इशारा आधी दिला. मला हा निर्णय फार आवडला.

आणि चौथा गठ्ठा. त्याने मी थक्क झालो. हे लोक म्हणत होते, "खेळ सोपा झाला आहे. आणखी अवघड करा." छत्तीस वर्षांत एकाही खातेदाराने मला "साहेब, रांग जरा लांबवा" असे सांगितलेले नाही!

यामागचे कारण नातवाने समजावले. माणूस कुठेही गेला तरी पळवाट शोधतोच. खेळाडूंनी हिशेब मांडला, की उपाशी राहिल्याने जीव फार हळू झिजतो आणि झोपेत तो भरून निघतो. मग दिवसभर उपाशी राहायचे, झोपण्यापूर्वी थोडे खायचे, घरात दडी मारून अस्वलासारखे पडून राहायचे आणि दिवस मोजायचे. शेकडो दिवस जगता येई, पण त्या जगण्यात राम नव्हता. म्हणून पळवाट काढणाऱ्यांनीच लिहिले, की ही पळवाट बंद करा.

ती बंद करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. उपाशी राहणाऱ्यांचा दंड नुसता वाढवता आला असता. त्याऐवजी तीन दिवस पोटभर खाऊन राहिले, तर पाठीवर पाच किलो ओझे जास्त पेलेल, अशी बक्षिसी ठेवली. आणि घरात दडून बसणाऱ्यांसाठी एक आजार आणला. फार काळ चार भिंतींत राहिलात तर जीव घुसमटतो आणि मग छपराखाली झोपच घेता येत नाही. बाहेर, निदान गुहेत तरी जावे लागते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मला हाच आजार झाला होता, सौ.ने त्यावर रोज सकाळी भाजी आणायला पाठवण्याचा इलाज केला.

सोपे हवे म्हणणारे आणि अवघड हवे म्हणणारे, दोघेही खरेच. एकाचे ऐकले तर दुसरा रुसणार. मग खेळाच्या निरनिराळ्या पायऱ्या केल्या. सर्वांत सौम्य पायरीवर लांडगाच तुम्हाला पाहून पळतो; एका कठीण पायरीवर बंदूक मुळी सापडतच नाही. पुढे तर प्रत्येकाने आपले नियम आपणच ठरवावेत, अशीही सोय झाली. ओझे ओढायला साधन हवे ही मागणीही मान्य झाली, पण मिळाली ती दोन लांब काठ्यांची, फरपटत न्यायची ओढगाडी. मेल्यावर परत येता यावे, असे अनेकांना वाटत होते. नंतर तेही दिले, पण फुकट नाही. मरण चुकवले तर अंगाला एक कायमचे दुखणे लागते. नातवाने ही सोय कधीच घेतली नाही. "आजोबा, मग चौऱ्याण्णव दिवसांना अर्थ काय राहिला?" असे त्याचे म्हणणे.

आणि एक मागणी पहिल्या दिवसापासूनची: सोबत द्या. दोघांना मिळून खेळता येऊ द्या. या खेळात ते झाले नाही, कारण एकटेपणा हाच त्याचा गाभा. पण मागणी कर्त्यांनी विसरून टाकली नाही. २०२४ साली त्यांनी दुसऱ्या भागाची घोषणा केली आणि त्यात सोबतीने खेळता येईल असे जाहीर केले.

यावरून मला वाटते ते असे. सूचना करणारा बहुधा औषध सांगतो. ऐकणाऱ्याने दुखणे ओळखायचे असते. एका शाखेत ग्राहक सारखे सांगत, "दुसरी खिडकी उघडा." माणूस नव्हता, खिडकी उघडणार कशी? एक दिवस मी रांगेत जाऊन उभा राहिलो, तेव्हा कळले की रोखपालाचा आवाज बारीक, टोकनचा आकडा मागच्यांना ऐकू जात नाही आणि म्हणून सगळे खिडकीला चिकटून उभे राहतात. आम्ही आकडे लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या. गर्दी निम्मी झाली. पण त्यासाठी रांगेत उभे राहावे लागले.

याच जातीचा आणखी एक खेळ आहे, फिनलंडचा. 'अनरिअल वर्ल्ड'. तिथल्या लोहयुगातले जगणे, म्हणजे जाळी, फासे, मासे सुकवणे, मांस धुरावणे, असे सगळे त्यात आहे. सामी मारानेन यांनी तो १९९२ साली पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला आणि तीस वर्षे उलटून गेली तरी त्यात सुधारणा करणे सोडलेले नाही. एकच काम, आणि त्याला आयुष्यभर लोकांच्या सांगण्यावरून हात लावत राहायचे! १९९२ हा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. त्याच वर्षी शाखाधिकारी म्हणून माझी बदली एका तालुक्याच्या गावी झाली होती.

पण आधी नातवाचे पत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मसुदा दाखवला. अकरा मुद्दे आणि प्रत्येकापुढे तीन-तीन उद्गारचिन्हे. मी म्हटले, "बाळ, एका पत्राला एक विषय. कुठे, केव्हा, काय घडले ते आधी लिही. मग तुला काय हवे आणि का हवे. राग शेवटपर्यंत लिहायचा नाही, तो वाचणाऱ्याला आपोआप कळतो."

पहिला मुद्दा पाय मुरगळण्याचा. मी विचारले, "ती धोक्याची खूण दिसत नव्हती का तुला?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दिसत होती."

"मग?"

"अंधार पडत होता. घाई होती."

त्याने स्वतःच त्या मुद्द्यावर काट मारली. मला बरे वाटले. मग एकेक मुद्दा गळत गेला. काही आधीच कुणीतरी सुचवलेले, काही नुसतेच रागाचे. शेवटी कागद कोरा झाला. पोर हिरमुसले. मी विचारले, "खरं सांग, काल तुला वाईट कशाचं वाटलं? मेलास म्हणून?"

"नाही. मरतातच सगळे. पण आजोबा, त्या चौऱ्याण्णव दिवसांत मी केवढं शिकलो होतो. कुठल्या झोपडीत चूल आहे, कुठला बर्फ पातळ आहे, ससे कुठे येतात. ते सगळं माझ्याबरोबर पुसलं गेलं. त्या खेळात जुन्या मेलेल्या माणसांच्या चिठ्ठ्या सापडतात. तशी मलाही शेवटी एक चिठ्ठी लिहिता आली पाहिजे. आणि मी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केलं, की कुठेतरी ती मला सापडली पाहिजे. जिथे मेलो तिथेच, बर्फात."

"हेच लिही," मी म्हटले. माझा आवाज थोडा बदलला असावा, कारण त्याने माझ्याकडे पाहिले.

आता ती तालुक्याची शाखा. दाराशी भिंतीवर एक लाकडी सूचनापेटी होती. तिला कुलूप होते. किल्ली कुणाकडे होती, हे मी गेलो तेव्हाही कुणाला ठाऊक नव्हते. तपासणीला साहेब येत, पेटी आहे असे पाहत आणि फॉर्मवर बरोबरची खूण करीत. पेटी असावी असा नियम होता. ती उघडावी, असे कुणी कधी विचारले नाही. मीही विचारले नाही.

१९९५ साली शाखेला रंग द्यायचा निघाला, तेव्हा रंगाऱ्याने पेटी उतरवली आणि शिपायाने हातोडीने कुलूप तोडले. आत धूळ, झुरळे, बसची तिकिटे, एक-दोन शिव्या आणि वहीच्या पानावर नीट घडी घालून ठेवलेली एक चिठ्ठी. अक्षर मोत्यासारखे. खाली सही आणि तारीख, जानेवारी १९९३. सही मी ओळखली. गावातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. दर महिन्याला पेन्शनच्या दिवशी येत, रांगेत उभे राहत, मधूनच बाहेर पायरीवर जाऊन टेकत आणि परत रांगेत येत. मला नमस्कार करीत. मी मान हलवीत असे.

चिठ्ठीत दोन ओळी होत्या. पेन्शनच्या दिवशी वृद्धांना फार वेळ उभे राहावे लागते, तरी एखादा बाक ठेवल्यास उपकार होतील. आपल्या दप्तरखान्यात एक जुना बाक पडून आहे असे दिसते, तो चालेल.

गुरुजी १९९४ मध्ये वारले होते. त्यांच्या खात्यावर 'मयत' असा शेरा मारून मीच सही केली होती.

बाक दप्तरखान्यात होता. त्यावर जुन्या लेजरांचे गठ्ठे रचलेले होते. गठ्ठे उतरवून तो बाहेर आणून ठेवायला आम्हाला वीस मिनिटे लागली. खर्च शून्य. पुढच्या पेन्शनच्या दिवशी त्यावर पाच-सहा म्हातारी माणसे बसली आणि त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. बाक असतोच, असेच ते बसले. मी केबिनच्या काचेतून पाहत होतो. तोंड दाखवायला जागा नाही असे वाटणे म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळले.

ही गोष्ट मी आजवर सौ.शिवाय कुणाला सांगितली नव्हती. त्या सकाळी नातवाला सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "मग तुम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगितलंत का, बाक ठेवला म्हणून?"

नव्हते सांगितले. तेवढे धैर्य झाले नव्हते. सूचनेची पोच द्यावी लागते आणि ती देणाऱ्याला आपली चूक आधी कबूल करावी लागते, म्हणून बहुतेक पेट्यांच्या किल्ल्या हरवतात.

नातवाने पत्र इंग्रजीत लिहून पाठवले. दहा ओळींचे, उद्गारचिन्हांशिवाय. त्याची सूचना मान्य होईल, न होईल. खेळ बनवणारे काही सगळ्यांचे सगळे ऐकू शकत नाहीत आणि ऐकूही नये. हजारांचे ऐकून बांधलेल्या घरात कुणालाच राहता येत नाही. पण संध्याकाळी तो पुन्हा संगणकापुढे बसला होता. पहिला दिवस, खिशात काही नाही, बाहेर बर्फ. मी मागे उभा राहून पाहत होतो. उतार आला, खूण दिसली आणि तो थांबला. वळसा घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून येताना मी आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली थबकलो. तिथे एक सूचनापेटी आहे, पत्र्याची, निळी. सचिवांना विचारले, "हिची किल्ली कुणाकडे असते हो?" ते म्हणाले, "किल्ली? बघायला लागेल." दोन दिवस मी पिच्छा पुरवला. शेवटी मीटरच्या खोलीत, खिळ्याला टांगलेल्या जुडग्यात ती सापडली.

पेटीत तीन चिठ्ठ्या होत्या. एक तळमजल्यावरच्या आजींची, जिन्याला कठडा लावा म्हणून. एक कुणा लहान मुलाची, क्रिकेटबद्दल. आणि तिसरी, तीन वर्षांपूर्वीची, माझीच. जिन्यातला दिवा रात्री चालू ठेवावा, अशी. टाकल्यावर मी ती विसरूनही गेलो होतो.

कठड्याचे काम आधी घेतले आहे. वर जाऊन आजींना तसे सांगूनही आलो.